दीडशे हौशी गळे आणि एक ऑर्केस्ट्रा: मोठा क्वायर नेमका चालतो कसा?

दर डिसेंबरला एक क्लिप हमखास फिरत फिरत माझ्यापर्यंत येते. जपानमधलं ओसाका शहर, एक भलामोठा बंदिस्त हॉल, मध्ये ऑर्केस्ट्रा आणि भोवती दहा हजार माणसं उभी राहून बेथोव्हेन या जर्मन रचनाकाराच्या नवव्या सिम्फनीचा (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) शेवटचा भाग गातायत, तेही जर्मनमध्ये. १९८३ पासून हा कार्यक्रम होतोय. क्लिप पाठवणारा दर वेळी साधारण तेच विचारतो, की अरे एवढे लोक एका सुरात येतातच कसे, हे सगळे शिकलेले गायक असतात का, आणि त्यातला एक जण चुकला तर काय होतं?

मी स्वतः अशाच एका हौशी क्वायरमध्ये बरीच वर्षं गातोय, दहा हजारांच्या नाही, दीडशे जणांच्या. त्यामुळे प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

आधी चार शब्द

ऑर्केस्ट्रा म्हटलं की पुष्कळांना सिनेमाच्या गाण्यांचा स्टेज शो आठवतो. इथे तो नाही. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा साठ ते शंभर वादकांचा ताफा, पुढे व्हायोलिन आणि त्याची मोठी भावंडं व्हायोला, चेलो, डबल बेस, मध्ये बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, त्यामागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, आणि टिंपानी नावाचे मोठे नगारे. क्वायर म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, तो या सगळ्यांच्याही मागे पायऱ्यांवर उभा असतो. म्हणजे आमच्या पुढ्यात नगारे आणि ट्रॉम्बोन, आणि कंडक्टर पार पलीकडे पंधरा-वीस मीटरवर. ही जागा लक्षात ठेवा, पुढे तिचा फार संबंध येणारे.

कंडक्टर कार्यक्रमात हातवारे करतो ते सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्यासाठी त्याच्याइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे कोरस मास्टर (कोरस म्हणजे क्वायरच). तो दोन-तीन महिने दर आठवड्याला आम्हाला घोटवून घेतो आणि कार्यक्रमाच्या आधी थोडे दिवस आख्खा क्वायर कंडक्टरच्या हवाली करून स्वतः हॉलमध्ये मागच्या रांगेत जाऊन बसतो. शेवटी टाळ्यांच्या वेळी त्याला स्टेजवर बोलावतात तेव्हा क्वायर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतो, ते का हे आता कळेल.

आणि स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपीचं पुस्तक. क्रिकेटशी संबंध नाही. एवढे शब्द पुरेत.

सगळे एकच चाल गात नाहीत

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. आपला कान एका चालीला सरावलेला आहे, पन्नास जण गायले तरी चाल एकच. क्वायरमध्ये तसं नसतं. बायकांचे उंच आवाज म्हणजे सोप्रानो, बायकांचेच जरा खालचे म्हणजे ऑल्टो, पुरुषांचे उंच म्हणजे टेनर आणि खर्जातले म्हणजे बास, असे चार गट आणि चौघांची चाल वेगळी. (ऑल्टोत कधी पुरुष असतात आणि टेनरमध्ये बायका, त्यात काही बिघडत नाही.)

हार्मोनियम असेल तर करून बघा. नुसता सा दाबा. मग सा, ग आणि प एकदम दाबा. आता जो भरीव, रंग असलेला आवाज आला ना, त्याला हार्मनी म्हणतात. क्वायरमध्ये बास खालचा सा धरतात, टेनर वरचा सा, ऑल्टो ग आणि सोप्रानो प, आणि पुढच्याच क्षणी चौघंही हलतात, वेगवेगळ्या दिशेला, तरी दर क्षणी चार स्वर मिळून काहीतरी अर्थाचं बनलं पाहिजे. आपल्या गाण्यात सा गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो, कुणाची काळी एक तर कुणाची काळी चार. इथे पट्टी रचनाकाराने ठरवून ठेवलेली, ती हलत नाही, म्हणून मग माणसांचीच गळ्याप्रमाणे वाटणी केलेली.

याचा एक परिणाम नव्या माणसाला फार जड जातो. तुमच्या वाट्याला चाल येईलच असं नाही. मी बासमध्ये आहे, मला कित्येकदा सलग चार-चार बार एकच स्वर असतो. (बार म्हणजे तालाचा एक छोटा खण, त्यात तीन किंवा चार ठोके.) घरी एकट्याने सराव करताना ते गाणं वाटतच नाही. आणि मग पहिल्यांदा चारही गट एकत्र येतात आणि तोच कंटाळवाणा स्वर सगळ्या इमारतीचं जोतं आहे हे कळतं, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. वरच्या तिघांना उभं राहायला जमीन लागते आणि ती तुम्ही आहात.

शंभर माणसं म्हणजे शंभरपट आवाज?

नाही, आणि हे गणित बहुतेकांना चकित करतं. दोन माणसं सारख्याच जोराने गायली तर एकापेक्षा आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो (डेसिबल हे आवाजाचा जोर मोजायचं माप). दहापट माणसं आणली तर १० डेसिबलने. आणि आपल्या कानाला १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते. म्हणजे दहा जणांच्या जागी शंभर उभे केले तर ऐकणाऱ्याला जेमतेम दुप्पट मोठं वाटणार. ओसाकाचे दहा हजार म्हणजे शंभर जणांच्या तुलनेत अंदाजे चौपट.

मग नुसता जोर हवा असेल तर शंभर माणसं जमवणं फार महाग पडतं. एकटा ऑपेरा गायक ऑर्केस्ट्रावर मात करतो ती वेगळ्या युक्तीने, त्याचा गळा असा तयार केलेला असतो की ३००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, जास्त तितका स्वर उंच) आसपास आवाजाची ताकद एकवटते, आणि ऑर्केस्ट्राचा सगळा जोर त्यापेक्षा बराच खाली, ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. गर्दी नसलेल्या गल्लीतून तो पुढे निघून जातो. आमच्यासारख्या हौशींना ते जमत नाही आणि खरं तर जमवूही नये, कारण मग एकेक आवाज वेगळा ऐकू यायला लागेल.

एवढी माणसं लागतात ती पोतासाठी. नळ ठिबकत असला तर एकेक थेंब मोजता येतो आणि त्याचा त्रासही होतो. पाऊस पडत असताना थेंब कुणाला ऐकू येतो? दीडशे जण एकच स्वर धरतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसाएवढा वर-खाली असतो, प्रत्येकाचा कंप वेगळा, सुरुवात क्षणाच्या अंशाने पुढे-मागे. हे सगळे बारके फरक एकमेकांत मिसळले की जो रुंद, मऊ, झळाळता आवाज तयार होतो तोच क्वायरचा आवाज. कीबोर्डवर कोरस नावाचं बटण असतं ना, ते हीच गोष्ट नकली करतं, एकाच आवाजाच्या जराशा सरकवलेल्या कॉप्या एकावर एक टाकतं.

आणि मला स्वतःला मोठा आवाज हे मोठ्या क्वायरचं खरं वैभव वाटतच नाही. दीडशे माणसं अगदी हळू गातात ते ऐका. एकटा माणूस हळू गातो तेव्हा एक माणूस हळू गातोय असं वाटतं. दीडशे जण हळू गातात तेव्हा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही, हॉलची हवाच गुणगुणायला लागली असं वाटतं.

मग बेसूर गाणाऱ्याचं काय?

वरच्या हिशोबाने थोडं कमी-जास्त चालतं, कारण कुणी किंचित चढा, कुणी किंचित उतरलेला, आणि कान मधला सूर पकडतो. पण याचा अर्थ काहीही खपतं असा घेऊ नका. तीन गोष्टी अजिबात झाकल्या जात नाहीत.

एक म्हणजे इतरांपेक्षा मोठ्याने गाणारा. दुसरी, सगळे मिळून उतरणं. एकेकट्याची चूक इकडे-तिकडे वाटली जाते, पण सगळेच एकाच दिशेने घसरले तर वाटली जाणार कुणात? साथ नसताना गाणारा क्वायर हळूहळू खाली येतो, दमामुळे, कंटाळ्यामुळे, आणि गाणाऱ्यांना पत्ताही लागत नाही कारण सगळेच बरोबर उतरत असतात. ऑर्केस्ट्रा काही आमच्याबरोबर उतरत नाही. तो सुरुवातीला ओबोच्या ए या स्वरावर जुळवून घेतलेला, ४४० हर्ट्झ किंवा बऱ्याच ठिकाणी त्याच्या एक-दोन वर. मालर या रचनाकाराच्या दुसऱ्या सिम्फनीत क्वायर पहिल्यांदा तोंड उघडतो तेच साथीशिवाय, अतिशय हळू, आणि मग वाद्यं परत येतात. त्या जागेला सगळ्यांचा जीव मुठीत असतो, कारण तोवर पाव स्वर जरी घसरलो असू तरी आख्ख्या हॉलला कळणार.

तिसरी गोष्ट म्हणजे शांततेतली चूक. आमच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या एका रिहर्सलला ऑर्केस्ट्रा आणि क्वायर एका ठोक्यावर एकदम थांबतात, पूर्ण शांतता, आणि मग दोन ठोक्यांनी परत सुरू, असं होतं. मी मोजायला चुकलो आणि त्या शांततेत माझा एकट्याचा स्वर गेला. कुणी काही बोललं नाही, कंडक्टरने फक्त परत मागून सुरू केलं, पण तेव्हापासून मी गाण्याइतकेच थांबे मोजतो. क्वायरमध्ये न गाणं हेही कामच आहे.

श्वास संपत नाही का?

माणसाचा संपतो, क्वायरचा नाही. याला स्टॅगर ब्रीदिंग म्हणतात, सोप्या भाषेत आळीपाळीने श्वास घेणं. नियम साधे आहेत: शेजारी घेतोय तेव्हा घ्यायचा नाही, जिथे सगळ्यांना स्वाभाविकपणे घ्यावासा वाटेल तिथे तर मुळीच नाही, आवाज हळूच कमी करत बाहेर पडायचं, शांतपणे श्वास भरायचा आणि परत हळूच आत शिरायचं. दार न वाजवता खोलीत येणं-जाणं. बेथोव्हेनच्या नवव्यात सोप्रानोंना वरचा ए बार मागून बार धरून ठेवावा लागतो, एका माणसाच्या छातीत ते मावतच नाही, पण ऐकणाऱ्याला तो स्वर एका दमात आलेला वाटतो कारण प्रत्येक क्षणी कुणी ना कुणी तो धरून आहे.

मला यातली एक गोष्ट फार आवडते, की इथे कमी पडणं हा नियमाचाच भाग आहे. तुमचा दम संपणार हे आधीच धरलेलं आहे आणि तेवढ्यापुरतं शेजारचा सांभाळणार हेही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका खोलीत दोन-अडीच तास सगळे खोल श्वास घेतात आणि जोरात सोडतात. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट काउंटीत, एका क्वायरची रिहर्सल झाली, ६१ जण आले होते, त्यातले ५३ कोविडने आजारी पडले किंवा तसे धरले गेले आणि दोघं गेली. हवेतून पसरणाऱ्या रोगाचं ते उदाहरण जगभर अभ्यासलं गेलं आणि त्यानंतर कितीतरी महिने सगळीकडचे क्वायर बंद होते. म्हणून सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा हे आमच्याकडे आता शिष्टाचार म्हणून नाही, नियम म्हणून सांगतात.

ऐकून गायलात तर उशीर झालाच समजा

आता ती मागची जागा आठवा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. कंडक्टरजवळच्या व्हायोलिनचा आवाज पंधरा मीटर मागे आमच्यापर्यंत यायला जवळजवळ ०.०४ सेकंद लागतात. तो ऐकून आम्ही गायलो तर आमचा आवाज तेवढंच अंतर उलटा जाणार, म्हणजे पुढे पोचेपर्यंत ०.०९ सेकंद गेले. एवढ्याशा वेळाने काय होतं असं वाटेल. पण मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, आणि त्यात चार भरभर स्वर असतील तर एकेकाला ०.१२५ सेकंद. म्हणजे आम्ही एका स्वराच्या निम्म्याहून जास्त मागे पडलो, आणि प्रेक्षकाला वाटतं क्वायर लोळतोय.

म्हणून प्रत्येक कोरस मास्टर एकच वाक्य बोलून बोलून थकतो, ऐकून गाऊ नका, बघून गा. प्रकाशाला उशीर होत नाही. कंडक्टरच्या हातातली ती पांढरी काडी खाली आली की गायचं, कानाला ते चूक वाटलं तरी, ऑर्केस्ट्राच्या जरा पुढे पळतोय असं वाटलं तरी. हे मनाविरुद्ध जातं. आयुष्यभर आपण साथीवर कान ठेवून गायलेलो असतो आणि इथे लयीच्या बाबतीत कानावर विश्वास ठेवू नका म्हणतात (सुराच्या बाबतीत मात्र फक्त कानावरच). हे जमायला मला दोन वर्षं लागली.

व्यंजनांचंही असंच आहे. मराठीत आपण अ-आ-इ लाही स्वर म्हणतो आणि सा-रे-ग लाही स्वरच म्हणतो, ते किती बरोबर आहे हे क्वायरमध्ये कळतं, कारण सूर वाहून नेतात ते स्वरच, क-ट-प ला काही सूर नसतो. तेव्हा स्वर ठोक्यावर यायला हवा असेल तर त्याच्या आधीचं व्यंजन ठोक्याच्या आधी म्हणून झालेलं पाहिजे. आणि शब्दाच्या शेवटचा ट दीडशे जणांनी आपापल्या सोयीने टाकला तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं होतं. म्हणून तो नेमक्या कितव्या ठोक्यावर टाकायचा हे ठरवून पुस्तकात लिहिलेलं असतं. शेवटच्या स चं तर काही क्वायरमध्ये असं असतं की तो मोजक्याच लोकांनी म्हणायचा, बाकीच्यांनी गाळायचा, तरी ऐकणाऱ्याला पुरेसा ऐकू येतो.

पण हौशी लोकांना प्रोफेशनल ऑर्केस्ट्रासमोर उभं करतातच का?

हा प्रश्न जरा नाराजीनेच विचारला जातो, जणू काही पैसे वाचवायची ती शक्कल आहे. उलट बघा. या प्रकारातलं बरंचसं संगीत मुळात हौशींच्या बळावर उभं राहिलं. नवव्या सिम्फनीच्या पहिल्या प्रयोगातच, ७ मे १८२४ ला व्हिएन्नामध्ये, थिएटरच्या पगारी लोकांच्या जोडीला हौशी मंडळी होती. बर्लिनमधली झिंग-अकादमी ही गाणाऱ्या सामान्य नागरिकांची संस्था १७९१ ची. तिलाच घेऊन मेंडेलसोन या वीस वर्षांच्या रचनाकाराने ११ मार्च १८२९ ला त्याच्या आधीच्या शतकातल्या बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन (येशूच्या अखेरच्या दिवसांवरची क्वायर आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) परत उभं केलं, जे लोक जवळजवळ विसरून गेले होते. म्हणजे आज ज्याला शिखर मानतात ती रचना लोकांसमोर परत आणली ती नोकरीधंदा सांभाळून गाणाऱ्यांनी.

इंग्लंडमध्ये तर ही चळवळच झाली. हडर्सफील्ड या कापड गिरण्यांच्या गावातली कोरल सोसायटी १८३६ पासून गातेय, मँचेस्टरचा हॅले क्वायर १८५८ पासून. आणि गिरणीत काम करणारा माणूस स्वरलिपी शिकणार कधी? तर जॉन करवेन नावाच्या पाद्रीने सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून टॉनिक सोल-फा लोकप्रिय केली, त्यात पाच रेघांवरचे ठिपके नाहीत, डो-रे-मी ची पहिली अक्षरं ओळीने लिहिलेली. आपल्याला सारेगम ओळीने लिहायची सवय आहे, त्यामुळे हे बघून मला फार आपलंसं वाटलं होतं. त्यात नोव्हेलो या प्रकाशकाने स्कोअर स्वस्त केले आणि हजारो लोक गायला लागले. मालरची आठवी सिम्फनी १९१० मध्ये म्युनिकला हजाराहून जास्त लोकांनी सादर केली, त्यातले बहुतेक गाणारे होते. असं लिहायचं धाडस रचनाकाराला होतं कारण गाणारी माणसं समाजात तयार होती.

आजही लंडन सिम्फनी कोरस (१९६६) किंवा बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर गाणारा टँगलवुड फेस्टिव्हल कोरस (१९७०) हे बिनपगारी गाणाऱ्यांचे आहेत आणि जगातल्या उत्तम कंडक्टरांसमोर उभे राहतात. हौशी म्हणजे कच्चे असं नाही. ऑडिशन असते, ठरलेल्या रिहर्सल चुकवल्या तर कार्यक्रमात घेत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी काही वर्षांनी आवाज परत तपासतात.

तयारी कमी पडली तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. एल्गार या इंग्रज रचनाकाराच्या ड्रीम ऑफ जेरॉन्टियस या क्वायर आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेचा पहिला प्रयोग ३ ऑक्टोबर १९०० ला बर्मिंगहॅममध्ये झाला. कोरस मास्टर काही महिने आधी वारले, निवृत्त झालेल्या जुन्या मास्तरांना परत बोलवावं लागलं, छापील प्रती उशिरा, संगीत नव्या धाटणीचं. क्वायर कोलमडला. तेच संगीत पुढच्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला नावाजलं गेलं. म्हणून म्हटलं, टाळ्या कोरस मास्टरला.

मग फुकट का गाता?

आक्षेप रास्त आहे. वादकांना पैसे, आम्हाला नाहीत, उलट बहुतेक ठिकाणी आम्हीच वर्गणी भरतो. वादकाचं ते पोट आहे, त्याने वीस-पंचवीस वर्षं घातलीत, त्याला पैसे मिळायलाच हवेत. काही क्वायरमध्ये थोडे पगारी आणि बाकी स्वयंसेवक असा मेळ असतो. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या ऑर्केस्ट्राचा कोरस तसा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या पगारी गायकांनी मानधनातल्या मोठ्या कपातीवरून संप केला, कार्यक्रम रद्द झाले. माझं मत स्पष्ट आहे: जिथे कुणाचा पगार आहे तिथे तो कापायला हौशींना पुढे करणं चूक, तशा वेळी हौशींनी उभं राहू नये. पण जिथे क्वायर पहिल्यापासून हौशींचाच आहे तिथे कुणी कुणाचं काढून घेत नाहीये. तिथे माणसं येतात कारण त्यांना हे करायचंच असतं.

नोटेशन येत नाही, जर्मन येत नाही

बऱ्याच जणांना येत नाही. वाचता आलं तर फार सोपं जातं हे खरंय आणि काही क्वायर ऑडिशनला समोर ठेवलेलं वाचून गायला सांगतात, पण नुसतं ऐकून पाठ करणारे आणि ठिपके वर गेले की वर, खाली आले की खाली एवढ्यावर सुरुवात करणारेही खूप आहेत. आपापल्या गटाची चाल पियानोवर वाजवलेली रेकॉर्डिंग मिळतात, ती येता-जाता कानात घालायची. हळूहळू डोळे आणि कान जुळतात. भाषेचंही तसंच, उच्चार आधी नुसते बोलून, लयीत, सूर न लावता घोटून घेतात, आणि अर्थ प्रत्येक ओळीखाली लिहून घ्यायचा. अर्थ न कळता गायलं तर ते ऐकणाऱ्याला कळतं, कसं ते मला सांगता येणार नाही पण कळतं.

या सगळ्यात लागणारी एकच वस्तू म्हणजे पेन्सिल. पेन चालत नाही. श्वास कुठे, ट कुठे, इथे ऑल्टोंकडून सूर घ्या, सगळं पुस्तकात लिहायचं, कारण दोन महिन्यांनी काहीही आठवत नाही. आणि जिथे कंडक्टरकडे बघायलाच हवं तिथे पानावर चष्म्याचं चित्र काढायचं. खरोखर, दोन गोल आणि मध्ये एक रेघ. क्वायरवाल्यांमध्ये ही खूण सगळीकडे चालते.

ऑर्केस्ट्रा येतो तो दिवस

दोन-तीन महिने नुसत्या पियानोवर सराव झालेला असतो. ऑर्केस्ट्राबरोबर रिहर्सल मिळतात एक किंवा दोन. पहिल्याला अक्षरशः भांबावायला होतं, कारण पियानोवर ज्या स्वरावरून आपण आपला सूर उचलायचो तो आता कुठल्यातरी हॉर्नकडे किंवा बसूनकडे गेलेला असतो, आणि पुढ्यात नगारे. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, याला लोंबार्ड परिणाम म्हणतात, फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार्डने १९११ च्या सुमारास हे मांडलं. गाण्यातही तेच होतं, ऐकू येत नाही म्हणून सगळे ओरडायला लागतात आणि अर्ध्या तासात गळा बसतो. उपाय एकच, शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतोय का बघायचं, येत नसेल तर आपण फार जोरात आहोत.

कार्यक्रमात नवव्या सिम्फनीचे पहिले तीन भाग क्वायरला काहीच नसतं. पाऊण तास लोकांसमोर दिव्याखाली सरळ बसायचं, खोकायचं नाही, गळा थंड पडत चाललेला, आणि मग एकदम उठून जवळजवळ लगेच पूर्ण ताकदीने गायचं. आम्ही त्या वेळात ओठ मिटून मनात गात असतो, थुंकी गिळत असतो, पायाची बोटं हलवत असतो. उभं राहिल्यावर गुडघे ताठ करायचे नाहीत हेही शिकवतात, नाहीतर चक्कर येऊन पडतात लोक.

याने माणसांमध्ये काही होतं का?

होतं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर गाण्याच्या ओळीप्रमाणे सगळ्यांचे ठोके बरोबरच जलद आणि संथ होत होते. यात गूढ काही नाही, ओळ संपेपर्यंत सगळे एकदम श्वास सोडतात, आणि श्वास सोडताना हृदय जरा संथ होतं. २०१५ मधल्या ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात नवीन माणसं गाण्याच्या वर्गात इतर छंदवर्गांपेक्षा लवकर जवळ आली, पुढे सात महिन्यांत इतर वर्गांनीही ती जवळीक गाठली. लवकर, एवढाच फरक. पण मी ज्यांच्या शेजारी उभा राहतो त्यातल्या कित्येकांचा व्यवसाय मला वर्षभर माहीत नव्हता, आणि ते श्वास कधी घेतात हे मात्र पहिल्या महिन्यात कळलं होतं.

दीडशेत मी नसलो तर कुणाला कळणार?

एका माणसाने डेसिबलमध्ये काहीच फरक पडत नाही, गणित वर दिलंच आहे. पण प्रत्येकाने तोच हिशोब करून आपला आवाज शेजाऱ्यावर सोडला तर बासचा तो जमिनीचा स्वर उभाच राहत नाही, आणि हे मी रिहर्सलमध्ये ऐकलंय, चाळीस माणसं उभी आणि आवाज दहाचा, कारण प्रत्येक जण दुसऱ्याने सुरू करायची वाट बघतोय आणि त्यामुळे सगळे उशिरा. आमच्या मास्तरांनी तेव्हा चौघाचौघांना उभं करून गायला लावलं. फार कठीण गेलं ते, पण पुढच्या आठवड्यात गट बदललेला होता.

कार्यक्रम झाल्यानंतरचं एक काम उरतं. स्कोअर बरेचदा भाड्याने आणलेले असतात आणि खुणा खोडूनच परत द्यावे लागतात. मागच्या वेळी मी घरी बसून खोडरबराने एकेक पान साफ करत होतो, माझे श्वास, माझे ट, माझे चष्मे. एका पानावर माझा चष्मा खोडला तर त्याच्या खाली आधीच्या कुणाचा तरी पुसट चष्मा होता, आणि त्याच्या बाजूला त्याहूनही पुसट एक, तिसऱ्याच हाताचा. तिघांनी एकाच बारवर वर बघितलं होतं. ते दोन मी खोडले नाहीत.